स्वयंचलित एचपीएलसीवर ल्युसीनमधील अल्प अशुद्धी: सेरीनचे पीक खरे मानावे का?

प्रश्न: कुपवाड_क्यूसी

नमस्कार. मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. किण्वनातून तयार झालेले एल-ल्युसीन हे अमिनो आम्ल आमच्याकडे येते, त्याचे पुन्हा स्फटिक पाडून आम्ही ते औषध उत्पादकांना पुरवतो. आजवर आम्ही अशुद्धी टीएलसी प्लेटवर, म्हणजे घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर, निनहायड्रिन हे अमिनो आम्लांना रंग आणणारे रसायन फवारून पाहत होतो. 0.5 टक्क्याच्या तुलनात्मक ठिपक्यापेक्षा गडद ठिपका दिसला नाही की बॅच पुढे जात असे. आता एका ग्राहकाने 0.03 टक्के आणि त्याहून अधिक असलेली प्रत्येक अशुद्धी स्वतंत्रपणे कळवण्याची अट घातली आहे, आणि त्यासाठी आम्ही ऑटोसॅम्पलर (नमुना आपोआप घेणारा भाग) असलेली एचपीएलसी, म्हणजे द्रावणातील घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारे यंत्र, घेतली आहे.

पद्धत अशी आहे. ल्युसीनचे प्रति मिलिलिटर 10 मिलिग्रॅम द्रावण 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात करतो. सुई 5 मायक्रोलिटर बोरेट बफर, 1 मायक्रोलिटर नमुना आणि 1 मायक्रोलिटर ओपीए, म्हणजे अमिनो आम्लांशी जोडले जाऊन ती डिटेक्टरला दिसतील अशी करणारा ऑर्थो-थॅलाल्डिहाइडचा तयार रीएजंट, ओढून घेते, ते आपल्या आपण मिसळते आणि ठरलेल्या वेळी सी-18 कॉलमवर सोडते. नॉरव्हॅलीन हे अंतर्गत स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणात घातलेला पदार्थ, प्रत्येक नमुन्यात घालतो.

माझ्या अडचणी दोन आहेत. व्हॅलीन, आयसोल्युसीन आणि मेथिओनीन या इतर अमिनो आम्लांची पीक, म्हणजे आलेखावरील शिखरे, प्रत्येक वेळी जवळपास सारखी येतात, पण सेरीनच्या जागी येणारे पीक कधी 0.01 तर कधी 0.04 टक्के भरते आणि ग्लायसीनचेही तसेच होते. एकाच व्हायलमधील (नमुन्याच्या छोट्या बाटलीतील) सहा इंजेक्शनांमध्ये फरक 2 टक्क्यांच्या आत असतो, मात्र त्याच बॅचची दुसरी व्हायल भरली की आकडा बदलतो. दुसरे असे की ल्युसीनमध्ये मुद्दाम 0.10 टक्के व्हॅलीन घालून पाहिले, तेव्हा वाढ केवळ 0.07 टक्के दिसली. वरिष्ठांचे म्हणणे आहे की यंत्र स्वयंचलित आहे आणि सहाही इंजेक्शने जुळतात, तेव्हा सेरीन ही बॅचमधील अशुद्धी म्हणून नोंदवून टाकावी. माझे मन त्याला तयार होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, आणि टीएलसी आता पूर्ण बंद करावी का, तेही सांगावे.

उत्तर: साताऱ्याचा_विश्लेषक

ताई, तुमचे मन तयार होत नाही, ते योग्यच आहे. एका व्हायलमधील सहा इंजेक्शने जुळणे याचा अर्थ सुई, पंप, कॉलम आणि डिटेक्टर नीट चालले आहेत एवढाच होतो. व्हायल बदलली की आकडा बदलतो, म्हणजे हा फरक द्रावण व्हायलमध्ये भरताना किंवा त्याआधी पडतो आहे, आणि यंत्राच्या अचूकतेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

सेरीन आणि ग्लायसीन ही जोडी पाहिल्याबरोबर मी प्रथम बोटांचा संशय घेतो. माणसाच्या बोटांच्या घामात सर्वांत जास्त आढळणारे अमिनो आम्ल सेरीन आहे आणि ग्लायसीन त्याच्या पाठोपाठ येते. 1954 मध्ये स्वीडनमधील ओडेन आणि फॉन होफस्टेन यांनी निनहायड्रिनने कागदावरील बोटांचे ठसे उमटवून दाखवले, ते याच अमिनो आम्लांच्या बळावर. जो रीएजंट तुम्ही टीएलसी प्लेटवर फवारता, तोच पोलीस कागदावर वापरतात.

थोडा हिशेब करून पाहा. 10 मिलिग्रॅमच्या द्रावणात 0.04 टक्के सेरीन म्हणजे प्रति मिलिलिटर 4 मायक्रोग्रॅम. 100 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये तेवढे सेरीन व्हायचे तर 400 मायक्रोग्रॅम पाहिजे, आणि एवढे बोटावरून येणे शक्य नाही. पण तुम्ही काचेचे इन्सर्ट, म्हणजे व्हायलच्या आत बसणारी बारीक नळी, वापरत असाल आणि त्यात 200 मायक्रोलिटर द्रावण असेल, तर 0.8 मायक्रोग्रॅमच पुरते, आणि उन्हाळ्यात घामेजलेल्या बोटाच्या स्पर्शातून तेवढे सहज येऊ शकते. म्हणून फ्लास्कवर वेळ घालवण्याआधी इन्सर्ट आणि व्हायल कशी हाताळली जाते ते पाहावे.

आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून हे करून घेतो. नुसते 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल दोन व्हायलमध्ये भरायचे. पहिलीचा इन्सर्ट चिमट्याने उचलून ठेवायचा, दुसरीचा उघड्या बोटांनी, म्हणजे काठाला बोट लागेल असा, आणि मग व्हायल उलटीसुलटी हलवायची. पहिल्या क्रोमॅटोग्रामवर रीएजंटची नेहमीची एक-दोन पीक आणि पुढे सपाट बेसलाइन येते. दुसऱ्यावर सेरीनचे उंच पीक, त्यामागे ग्लायसीन आणि मग अॅलॅनीन अशी ओळ उभी राहते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा उघड्या हाताने इन्सर्टला शिवत नाही.

तुम्ही आता दोन गोष्टी करा. पूर्ण मार्गाचा ब्लँक (कोरा नमुना) लावा, म्हणजे ल्युसीन सोडून बाकी सर्व तेच: तेच वजनाचे भांडे, तोच फ्लास्क, तेच फिल्टर, तीच व्हायल, तोच हात. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, भरलेल्या व्हायलला ब्लँक म्हणण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तो ब्लँक केवळ कॉलमचा असतो, नमुन्याचा नव्हे. दुसरे, एकाच फ्लास्कमधून पाच व्हायल भरा, दोन तुमच्या नेहमीच्या पद्धतीने आणि तीन पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घालून चिमट्याने. इन्सर्ट भट्टीत 450 अंश सेल्सियसला चार-पाच तास तापवून घेतले तर त्यांच्यावरील सेंद्रिय अंश जळून जातो. मापाच्या फ्लास्कला मात्र एवढी उष्णता देऊ नका, त्याचे माप बिघडते. त्याला सौम्य आम्लाने आणि अतिशुद्ध पाण्याने खळबळून घ्यावे.

उत्तर: मिरजेचा_निवृत्त_शिक्षक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी व्हॅलीनच्या रिकव्हरीविषयी, म्हणजे घातलेल्यापैकी किती परत सापडले याविषयी, लिहितो, कारण माझ्या मते तो दोष सेरीनपेक्षा मोठा आहे. सेरीनचे पीक निदान डोळ्यांना दिसते, 0.10 मधील जे 0.03 दिसतच नाही, ते अहवालात कुठेच येत नाही.

ल्युसीनचा रेणुभार 131.17 आहे. प्रति मिलिलिटर 10 मिलिग्रॅम म्हणजे प्रति लिटर सुमारे 76 मिलिमोल. ओपीएचा रेणुभार 134.13 आहे आणि बाजारात मिळणारा तयार रीएजंट बहुधा प्रति मिलिलिटर 10 मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे प्रति लिटर सुमारे 75 मिलिमोल. तुम्ही नमुना 1 मायक्रोलिटर आणि रीएजंटही 1 मायक्रोलिटर घेता. म्हणजे ल्युसीनच्या प्रत्येक रेणूमागे ओपीएचा जेमतेम एक रेणू आहे, जेथे तो कित्येक पट जास्त असायला हवा. पंगतीला शंभर माणसे बसवून शंभरच पुऱ्या तळाव्यात, तसे हे झाले. ल्युसीनच सगळा रीएजंट ओढून घेते आणि जे अल्प प्रमाणात आहे त्याच्या वाट्याला अपुरा येतो. त्यातही ज्याच्या अमिनो गटाला लागूनच कार्बन साखळीला फांदी फुटली आहे असे व्हॅलीन, सरळ साखळीच्या नॉरव्हॅलीनच्या मागे पडू शकते. त्यामुळे अंतर्गत स्टँडर्ड असूनही चूक भरून निघत नाही.

स्टँडर्ड द्रावणात हा दोष कधीच दिसत नाही, कारण त्यात सर्व अमिनो आम्ले थोडी थोडी असतात आणि रीएजंट मुबलक असतो. म्हणून कॅलिब्रेशनची रेषा सुंदर सरळ येते आणि नमुना मात्र कमी दाखवतो. रिकव्हरी नेहमी ल्युसीनच्या द्रावणातच तपासावी, हे तुम्ही आपणहून केलेत याचे मला कौतुक वाटते.

नमुना दहापट पातळ करा. 1 मिलिग्रॅमच्या द्रावणात 0.05 टक्के व्हॅलीन म्हणजे प्रति मिलिलिटर 0.5 मायक्रोग्रॅम, म्हणजेच प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये सुमारे 4 पिकोमोल. 338 नॅनोमीटरवर शोषण मोजणाऱ्या डिटेक्टरला हे जड जाऊ शकते, पण 340 वर उत्तेजित करून 450 नॅनोमीटरवर प्रकाश मोजणाऱ्या फ्लुओरेसन्स डिटेक्टरला ते अवघड नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. नमुना दहापट पातळ केला की बोटावरून आलेले तेच 0.8 मायक्रोग्रॅम सेरीन 0.4 टक्के दिसू लागेल. म्हणून आधी हात आणि काच, मग पातळ करणे, हा क्रम ठेवा.

ल्युसीनचे मुख्य पीक अर्थातच डिटेक्टरच्या मर्यादेबाहेर जाईल. जाऊ द्या. क्षेत्रफळाच्या टक्केवारीवर विसंबू नका. प्रत्येक अशुद्धी तिच्या स्वतःच्या स्टँडर्डशी ताडून मोजा, कारण प्रत्येकाच्या ओपीए-संयुगाची चमक सारखी नसते, आणि लायसीनची तर बरीच कमी असते. आयसोल्युसीन ल्युसीनच्या अगदी अगोदर बाहेर पडते, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीच. तेथे सॉफ्टवेअर रेषा कशी ओढते ते प्रत्येक क्रोमॅटोग्रामवर मोठे करून पाहा. त्याच पिकाखाली लंब टाकला तर एक आकडा आणि स्पर्शिका ओढली तर दुसरा आकडा येतो. एकदा ठरवा, पद्धतीत लिहून ठेवा आणि सर्व बॅचना तेच लावा.

आता नॉरव्हॅलीन. ओपीए पद्धतीत ते नेहमीचे अंतर्गत स्टँडर्ड आहे, कारण प्रथिनांत ते नसते. परंतु तुमचे ल्युसीन प्रथिनातून आलेले नाही, ते जिवाणूंकडून आलेले आहे. ल्युसीन भरपूर करायला लावलेल्या जिवाणूंमध्ये ल्युसीनचीच विकरे 2-किटोब्युटिरेटवर काम करून नॉरव्हॅलीन घडवू शकतात. म्हणजे ज्या मालात नॉरव्हॅलीन हीच संभाव्य अशुद्धी आहे, त्यात तुम्ही ते हाताने घालत आहात. ते आत आधीपासून असेल तर झाकले जाईल, आणि शिवाय भागाकारातील खालचा आकडा फुगून बाकीच्या सर्व अशुद्धी कमी दिसतील. एक बॅच नॉरव्हॅलीन न घालता चालवून पाहाच.

टीएलसीविषयी: युरोपीय औषधकोशाने निनहायड्रिनला प्रतिसाद देणाऱ्या पदार्थांसाठी टीएलसीऐवजी अमिनो आम्ल विश्लेषकाची चाचणी आणली, तेव्हा 0.5 टक्क्याच्या ठिपक्यावर थांबण्याचे दिवस मागे पडले हे खरे. त्या विश्लेषकाचे मूळ 1958 मधील आहे. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी आयन-विनिमय कॉलम, निनहायड्रिन आणि सतत रंग मोजून नोंदणारे यंत्र यांची जोडणी केली; पुढे 1972 मध्ये स्टाइन आणि मूर यांना रायबोन्युक्लिएजवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या रचनेत अमिनो आम्ले आधी कॉलमवर वेगळी होतात आणि रीएजंट नंतर मिसळतो. त्यामुळे व्हॅलीन एकटे असताना त्याला रीएजंट मिळतो, ल्युसीनशी ओढाताण होत नाही. शिवाय 570 नॅनोमीटरबरोबर 440 वरही मोजल्यामुळे प्रोलीनही सापडते. तुमच्या ग्राहकाला एखाद्या आकड्याबद्दल शंका आली, तर त्या यंत्रावर एकदा पडताळणी करून घेणे हिताचे आहे.

आणि ओपीएला जे दिसत नाही, त्याची जाणीव ठेवा. ते प्राथमिक अमिनो गटालाच धरते. ल्युसीनच्या आधीच्या टप्प्यातील किटो आम्ल त्याला दिसत नाही, दोन रेणू जोडून बनलेले चक्रीय डायपेप्टाइड दिसत नाही, आणि डी-ल्युसीन हे एल-ल्युसीनचे आरशातील प्रतिबिंबासारखे रूप एल-ल्युसीनच्याच पिकात मिसळून जाते. त्यासाठी ध्रुवणमापकावर, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाश किती वळवते ते मोजणाऱ्या यंत्रावर, विसंबू नका. एल-ल्युसीनचे विशिष्ट भ्रमण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात अधिक 15 ते 16 अंशांच्या आसपास असते. 1 टक्का डी-ल्युसीन मिसळले तरी ते केवळ 0.3 अंशाने उतरते आणि मर्यादेत राहते. रीएजंटमधील साध्या थायॉलऐवजी (ओपीएसोबत लागणाऱ्या गंधकयुक्त संयुगाऐवजी) एन-अॅसिटिल-एल-सिस्टीन वापरले, तर त्याच ऑटोसॅम्पलरवर डी आणि एल वेगळे करता येतात.

हे सर्व इतक्या तपशिलाने लिहिण्यामागे एक कारण आहे. 1989 मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन घेणाऱ्या लोकांमध्ये स्नायूंच्या तीव्र वेदना आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची प्रचंड वाढ असा आजार पसरला. 1500 हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि 30 हून अधिक माणसे दगावली. संशयित माल 99 टक्क्यांहून अधिक शुद्ध होता. एचपीएलसीवर त्यात सापडलेल्या पिकांपैकी एक, ट्रिप्टोफॅनचे दोन रेणू अॅसिटाल्डिहाइडच्या एका दुव्याने जोडलेले संयुग होते. तो माल किण्वनातूनच आला होता, आणि त्या काळात जिवाणूचा वाण आणि शुद्धीकरणातील कोळशाचे प्रमाण ही दोन्ही बदलली गेली होती. म्हणून तुमच्या पुरवठादाराने वाण किंवा शुद्धीकरणाची पायरी बदलली की ते तुम्हाला कळलेच पाहिजे, अशी अट खरेदीच्या करारात घालून घ्या.

उत्तर: तासगाव_शेती_प्रयोगशाळा

आमच्याकडे द्राक्षबागायतदार फवारणीची अमिनो आम्ले तपासायला आणतात. तो मिश्र माल असतो, पण सरांनी सांगितलेली ओपीएची मर्यादा आम्हाला रोज भेटते. माल वनस्पतिजन्य आहे असे लेबलवर असते आणि बागायतदाराला त्याची खातरजमा हवी असते. जनावरांच्या कातडी-हाडांतील कोलॅजनपासून बनवलेल्या मालाची खूण म्हणजे हायड्रॉक्सीप्रोलीन, आणि ते दुय्यम अमाइन असल्यामुळे नुसत्या ओपीएवर त्याचे पीकच येत नाही. आम्ही ऑटोसॅम्पलरच्या प्रोग्रॅममध्ये ओपीएनंतर एफएमओसी-क्लोराइड या दुसऱ्या रीएजंटचा टप्पा घातला आहे. आधी ओपीए प्राथमिक गट झाकते, मग एफएमओसी उरलेल्या प्रोलीन आणि हायड्रॉक्सीप्रोलीनला धरते, आणि डिटेक्टर धावेच्या शेवटी 265 आणि 315 नॅनोमीटरवर बदलतो. तुमच्या यंत्रावरही हे होईल, नवीन भाग लागत नाही.

ग्लुटामीनही तपासत असाल, तर द्रावण रात्रभर ट्रेमध्ये ठेवू नका. ते पाण्यात हळूहळू पायरोग्लुटामिक आम्ल आणि अमोनिया यांत मोडते. पायरोग्लुटामिकला मोकळा अमिनो गट नसल्याने निनहायड्रिनही त्याला पकडत नाही आणि ओपीएही नाही. आम्ही ट्रे 4 अंशांवर ठेवतो आणि पायरोग्लुटामिकसाठी 210 नॅनोमीटरवर वेगळी धाव घेतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर: कुपवाड_क्यूसी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे केले ते लिहिते, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

पूर्ण मार्गाच्या ब्लँकमध्ये सेरीन आणि ग्लायसीन दोन्ही आली. एकाच फ्लास्कमधून भरलेल्या पाच व्हायलपैकी चिमट्याने हाताळलेल्या तिन्हींमध्ये सेरीन जवळपास नव्हते आणि उरलेल्या दोनमध्ये वेगवेगळे. आमचा सहकारी इन्सर्ट व्हायलमध्ये घट्ट बसावा म्हणून वरून अंगठ्याने दाबत असे. गेली दोन वर्षे तो तसेच करत आला होता आणि त्यात त्याची काही चूक नाही, कारण टीएलसीला त्याने काहीच फरक पडत नव्हता. आता हातमोजे, चिमटा आणि भट्टीत तापवलेले इन्सर्ट हे पद्धतीत लिहिले आहे आणि सेरीन त्या बॅचच्या अहवालातून पुराव्यासह वगळले आहे.

त्यानंतर नमुना 1 मिलिग्रॅमवर आणला. फ्लुओरेसन्स डिटेक्टरवर 0.10 टक्के घातलेल्या व्हॅलीनची वाढ आता 0.097 टक्के दिसते. त्यामुळे जुन्या बॅचचे व्हॅलीनचे आकडे कमी कळवले गेले होते, हे मी वरिष्ठांना लेखी दिले आहे. राखून ठेवलेल्या नमुन्यांची पुन्हा तपासणी सुरू आहे.

नॉरव्हॅलीन न घालता चालवलेल्या बॅचमध्ये नेमके नॉरव्हॅलीनच्या जागी 0.04 टक्क्याचे पीक आले. ब्लँकमध्ये ते नाही, आणि व्हायल बदलली तरी आकडा बदलत नाही. हे पीक मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवून नाव निश्चित करावे असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर: मिरजेचा_निवृत्त_शिक्षक

नुसत्या वस्तुमानावर नाव ठरवू नका. व्हॅलीन आणि नॉरव्हॅलीन यांचे रेणुसूत्र एकच आहे, दोघांचेही वस्तुमान 117. तसेच ल्युसीन, आयसोल्युसीन आणि नॉरल्युसीन तिघांचेही 131. मास स्पेक्ट्रोमीटर तेथे अमिनो आम्लाचे ओपीए-संयुग आहे की दुसरेच काही, हे सांगेल आणि तेवढ्यासाठी ते उपयोगाचे आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कॉलमवर मिळेल. बॅचच्या नमुन्यात 0.04 टक्के शुद्ध नॉरव्हॅलीन घाला. पीक रुंद न होता, खांदा न फुटता दुप्पट झाले पाहिजे. मग मोबाइल फेजचा पीएच बदलून किंवा वेगळ्या धर्तीच्या कॉलमवर तेच पुन्हा करा. दोन्हीकडे ते एकत्रच राहिले, तर नॉरव्हॅलीन म्हणून नोंदवा.

ग्राहकाला कळवताना मर्यादा कुठून घेतली तेही लिहा. आयसीएच क्यू3ए या औषधद्रव्यांतील अशुद्धींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत रोज 2 ग्रॅमपेक्षा जास्त दिल्या जाणाऱ्या औषधद्रव्यासाठी नोंदणीची मर्यादा 0.03 आणि ओळख पटवण्याची 0.05 टक्के आहे, आणि तुमच्या ग्राहकाचा 0.03 हा आकडा बहुधा तेथूनच आला असावा. परंतु किण्वनातून मिळणारी द्रव्ये त्या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत, म्हणून अहवालात तिचा आधार न देता ग्राहकाशी झालेल्या कराराचा द्या. आणि अंतर्गत स्टँडर्ड तूर्त काढूनच टाका. तुमच्या सहा इंजेक्शनांत 2 टक्क्यांच्या आतला फरक येतो, त्यामुळे बाह्य स्टँडर्डवर तुमचे काम नीट भागेल.